हिवाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा लहान मुलांना वर्गात कसं रमवायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, २८ मुलं, खोली बेताची. थंडी वाढली की मैदान बंद आणि मधली सुट्टीही वर्गातच. सकाळ बरी जाते, पण जेवणानंतर मुलं एकमेकांच्या अंगावर पडायला लागतात, रडारड होते, आणि शेवटी पडद्यावर एखादी गोष्ट लावून घंटेची वाट बघावी लागते. ‘माझ्याकडचे उपक्रम संपले, नवे सुचवा’ असं तुम्ही म्हटलंय.

उपक्रम सुचवतेच. पण लांब हिवाळ्याच्या ठिकाणी याच वयाच्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवते आहे, आणि माझं स्पष्ट मत असं आहे की अशा वर्गात उपक्रमांचा तुटवडा फारसा कधी नसतो. मैदानावरच्या अर्ध्या तासात मुलांना चार गोष्टी न मागता मिळतात: अंग मोकळं करायला जागा, नजर टाकायला लांबचा पल्ला, आवाज सोडायची मुभा, आणि काय खेळायचं हे स्वतः ठरवण्याचं स्वातंत्र्य. मैदान बंद झालं की या चारही एकदम जातात. त्यांच्या जागी आपण रंगकाम देतो, कोडी देतो, गोष्ट लावतो. यातलं काही वाईट नाही, पण बसून करायच्या कामाला दुसरं बसून करायचं काम हा पर्याय होत नाही. म्हणून मूल चित्र रंगवतानाही खुर्चीत चुळबुळतं आणि शेजाऱ्याला कोपर मारतं. हा दंगा शिस्तीचा प्रश्न म्हणून हाताळला तर आपण दमतो आणि मुलं हिरमुसतात. गेलेल्या चार गोष्टी दिवसात परत कुठे बसवता येतील हे बघितलं, तर दुपार बरीचशी आपोआप सावरते.

त्याआधी एक विचारते. मैदान खरंच रोज बंद ठेवावं लागतं का? कडाक्याच्या थंडीत ते बंदच हवं. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ अंशांच्या आसपास गेलं की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते, तिथे चर्चेला जागा नाही. पण बऱ्याच शाळांत मैदान बंद होतं ते त्याच्या कितीतरी आधी, आणि खरं कारण असतं कपडे घालण्या-काढण्यात जाणारा वेळ. २८ जणांच्या चेनी, हातमोजे, बूट, कानटोप्या! हे मी पुरतं समजू शकते. तरी कोरड्या दिवशी दहा मिनिटांसाठी का होईना, मुलांना बाहेर न्या. अडचण थंडीपेक्षा ओलाव्याची जास्त असते. ओले मोजे आणि ओले हातमोजे मुलाला गारठवतात, म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा जोड वर्गात ठेवून घ्या. कपडे घालणं हा पाठच समजा: सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्याला मुद्दाम वेळ द्या, क्रम चित्रांत काढून दाराजवळ लावा, ज्याला चेन जमते त्याला ज्याला जमत नाही त्याच्याशी जोडा. महिन्याभरात हा वेळ निम्म्यावर येतो. एक सूचना मात्र पाळा, हातमोजे सगळ्यात शेवटी. आधी घातले की चेन लागत नाही, आणि मग सगळी रांग तुमच्यासमोर उभी राहते.

आता खोलीकडे वळू. दुपारची चिडचिड बऱ्याचदा हवेतूनच सुरू होते. थंडीमुळे खिडक्या बंद, हीटर चालू, आत २८ मुलं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत साधारण ४२० असतं. भरलेल्या बंद वर्गात ते हजाराच्या वर सहज जातं. हवा कोंदट झाली की डोकं जड होतं, जांभया येतात, लक्ष उडतं. बाहेरची शून्य अंशांची पूर्ण दमट हवासुद्धा आत २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २५ ते ३० टक्क्यांवर उतरते, म्हणून घसे कोरडे पडतात, ओठ फुटतात, नाकं चोंदतात. थंडीत तहानही कमी जाणवते, त्यामुळे मुलं पाणी मागत नाहीत. यावर उपाय साधे आहेत. दोन-दोन तासांनी मुलं वर्गाबाहेर असताना, किंवा आतच नाचत-उड्या मारत असताना, समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि दार चार-पाच मिनिटं सताड उघडा. दिवसभर फट ठेवण्यापेक्षा यात हवा चटकन बदलते आणि भिंती-बाकांची ऊब टिकून राहते. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी घोटभर पाणी प्यायचं हा नियम करा. आणि वर्गात आल्यावर जाड स्वेटर उतरवायला लावा. तापलेल्या खोलीत बाहेरच्या कपड्यांत बसलेलं मूल आधी पेंगतं आणि मग किरकिरतं. त्याला गरम होतंय हे त्याला सांगता येत नाही.

उजेडाचंही तसंच. वर्गातल्या दिव्यांचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजारांत असतो, आणि उन्हात त्याहून कितीतरी पट. पडदे उघडा, खिडकीच्या काचेवर चिकटवलेली चित्रं काढून भिंतीवर लावा, खिडकीजवळच्या जागा आठवड्याला फिरवा. डोळ्यांचा विचार करायला ठोस कारणही आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवली, तिथे तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं. बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. बाहेर जाता येत नसेल तर निदान नजर बाहेर जाऊ द्या. दिवसातून दोन-तीनदा सगळ्यांना खिडकीशी उभं करून दिसेल तितक्या लांबची एक वस्तू शोधायला सांगायची, आणि मग तिचं वर्णन करायचं. भाषेचा तासही त्यातच होतो.

आता हालचालीचं बघू, कारण दुपारच्या दंग्याचं मूळ तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. मैदान बंद असलेल्या शाळेच्या दिवसात यातलं फारच थोडं होतं. एक मोठा तास काढून ही भरपाई करू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं बसल्यावर तीन-चार मिनिटं उठावंसं वाटतं, तेव्हा तशाच छोट्या खेपा करा. या खेपा चुळबूळ सुरू व्हायच्या *आधी* हव्यात. दंगा झाल्यावर ‘चला, आता उड्या मारू’ म्हटलं की दंगा केला की उड्या मारायला मिळतात, एवढंच मुलं शिकतात. घड्याळ लावा आणि वर्ग शांत असतानाच उठवा. सुरुवातीला हे उलट वाटेल, सगळे छान लिहीत असताना का उठवायचं असं वाटेल, पण उठवा.

कुठली हालचाल, यालाही महत्त्व आहे. नुसत्या उड्या आणि नाच यांनी मुलं पेटतात. स्नायूंवर भार येतो अशा कामांनी ती शांत होतात: भिंतीला दोन्ही तळहात लावून ढकलणं, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी स्वतःला वर उचलणं, अस्वलासारखं हात-पाय टेकून चालणं, पुस्तकांचा गठ्ठा एका कपाटातून दुसऱ्या कपाटात नेणं. ओझ्याची कामं तर मी मुद्दाम तयार ठेवते. जड पुस्तकांचं एक खोकं शेजारच्या वर्गात द्यायचं, तिथल्या बाईंनी ते तासाभराने दुसऱ्या मुलाबरोबर परत पाठवायचं, हे आमचं ठरलेलं असतं. खोकं दोघांनी मिळून न्यायचं. ज्याचा पाय सारखा हलतोय, ज्याचा हात शेजाऱ्याच्या दप्तरात जातोय, त्याला न रागावता हे काम द्यायचं. तो परत येतो तेव्हा त्याचे खांदे उतरलेले असतात, आणि महत्त्वाचं काम करून आल्याचा चेहराही असतो.

दुसरा प्रकार थांबण्याचा आणि रोखण्याचा. उलट हुकुमाचा खेळ घ्या. ‘डोकं’ म्हटलं की पायाच्या बोटांना हात लावायचा, ‘बोटं’ म्हटलं की डोक्याला. मुलं सरावली की ‘खांदे’ आणि ‘गुडघे’ यांचीही अदलाबदल करायची. हुकूम आधी सावकाश द्या, मग वेगात, मग अगदी हळू आवाजात. चुकलेल्याला बाद करायचं नाही. तो हसतो आणि पुढच्या हुकुमाला जुळवून घेतो. खेळ पोरकट वाटतो, पण अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या मेगन मॅक्लेलँड आणि त्यांचे सहकारी मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजायला जी चाचणी वापरतात, ती नेमकी याच धर्तीची आहे. पहिल्या सवयीला आवर घालून सांगितलेलं करणं, हीच ताकद दुपारी भांडण न करायलाही लागते. वर्गात खेळताना एका मुलाकडे लक्ष ठेवा. ‘डोकं’ ऐकताच त्याचा हात वर निघतो, हवेत अडतो, आणि मग खाली वळतो. तो हवेत अडलेला हात ज्या आठवड्यात जास्त वेळा दिसायला लागतो, त्याच आठवड्यात त्या मुलाचे रांगेतले धक्के कमी झालेले मला पुष्कळदा दिसले आहेत.

बाद होण्याच्या खेळांवर माझा राग आहे हे एव्हाना कळलंच असेल. संगीत खुर्ची घ्या. ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, तोच बहुधा पहिल्या फेरीत बाद होऊन कडेला बसतो. मग कडेला बसून तो काय करणार? खुर्च्या काढत जा, पण मुलं काढू नका. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून कसं मावायचं, हा खेळ त्याहून रंगतो.

हालचाल संपवायची कशी, हे कुणी सांगत नाही आणि गाडी तिथेच अडते. उड्यांवरून थेट वहीवर आणू नका. पाय थांबवा आणि हात चालू ठेवा, मग हात थांबवा आणि बोटं चालू ठेवा, मग डोळे मिटून तीन सावकाश श्वास, मग बसा. सगळं मिळून मिनिटभर लागतं. हे मिनिट वाचवलं तर पुढची दहा मिनिटं ‘शांत बसा’ म्हणण्यात जातात. जागा फार कमी असेल तर वर्गाचे दोन भाग करा, निम्मे जागेवर उभे राहून भिंत ढकलतील आणि निम्मे मोकळ्या जागेत चालतील, मग अदलाबदल. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने एक मोठा लंबगोल आखून ठेवा. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत अशा रेषेवरून चालण्याला मोठं स्थान आहे, आणि अरुंद खोलीत ते वरदान ठरतं. पाऊल रेषेवर नेमकं टाकायचं, हातात काठोकाठ पाण्याचा पेला, मग दोन्ही हातांत, मग डोक्यावर पुस्तक. धावायला जागा नसली तरी शरीराला पुरेसं काम मिळतं.

यापुढे जाऊन तासच उभ्यानं घेता आला तर उत्तम. धावतं श्रुतलेखन करा: चार वाक्यं चार भिंतींवर लावायची, जोडीतल्या एकाने जाऊन वाक्य वाचायचं, लक्षात ठेवून परत यायचं आणि जोडीदाराला सांगायचं, त्याने लिहायचं. वाचन, स्मरण, उच्चार, लेखन सगळं होतं आणि मूल वर्गभर दहा-बारा फेऱ्या मारतं. नियम एकच, चालायचं, पळायचं नाही. जमिनीवर ० ते २० ची संख्यारेषा आखून बेरीज पुढे उड्या मारून आणि वजाबाकी मागे उड्या मारून करा. गोष्टीतल्या घटना चिठ्ठ्यांवर लिहून मुलांनाच क्रमाने उभं करा. गणिताला आणि भाषेला असे प्रत्येकी दोन-दोन प्रकार पक्के बसले की पुरे. रोज नवं शोधायच्या मागे लागू नका. मुलांना ओळखीचा खेळ आवडतो, नव्या खेळाचे नियम समजावण्यात मात्र निम्मा वेळ जातो.

इथे मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते येतं. हिवाळ्यातले दिवस एकसारखे असतात, आणि मुलाला उद्याची ओढ वाटेल असं काही वर्गात नसेल तर कितीही खेळ घ्या, वर्ग निस्तेजच राहतो. एक असं काम सुरू करा जे आज संपत नाही आणि जे हिवाळ्यातच करता येतं. माझं आवडतं काम म्हणजे खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याचा माग.

थंडीत सूर्य भरदुपारीही खालीच असतो, त्यामुळे दुपारच्या सूर्याकडे तोंड असलेल्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. उत्तर गोलार्धात असाल तर ती खिडकी दक्षिणेची. रोज घड्याळात ठरलेल्या एकाच वेळी, बाराच्या सुमाराला, दोन मुलांनी उन्हाच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्यावर तारीख लिहायची. बस, एवढंच. पहिल्या दिवशी मुलं म्हणतात, यात काय? मग त्यांना तिथेच दहा मिनिटं थांबवा. पट्ट्याचं खूण लावलेलं टोक डोळ्यांदेखत बाजूला सरकतं. खूण खिडकीपासून दोन-तीन मीटर अंतरावर असेल तर दहा मिनिटांत दहा-बारा सेंटिमीटर तरी. पृथ्वी फिरते हे त्यांनी ऐकलेलं असतं, इथे ते जमिनीवर सरकताना दिसतं. एखादं मूल खुणेवर बोट ठेवून बसतं आणि ऊन बोटावरून उतरेपर्यंत हलत नाही. वर्गात जे पाच मिनिटंही बसत नाही, तेच मूल.

आठवडे जातात तशा खुणा खोलीत आत-आत सरकतात. नोव्हेंबरात आठवड्याला बऱ्याच, कधी वीतभरसुद्धा. मग सरकणं मंदावतं. २१-२२ डिसेंबरच्या आसपास आठवडाभर खुणा जवळजवळ एकाच ओळीवर पडतात, आणि त्यानंतर माघारी फिरतात. हे आधी सांगू नका. कुठली खूण सगळ्यात आत जाईल याचा अंदाज प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावा, चिठ्ठ्या डब्यात ठेवा. सुट्टीमुळे मधले दिवस चुकले तरी चालतं, परतल्यावर मुलं धावत जाऊन पट्टा कुठे आहे ते बघतात. दक्षिण गोलार्धात हाच फेरा २०-२१ जूनला पूर्ण होतो आणि खिडकी उत्तरेची लागते. चौकस मुलांच्या लक्षात येतं की खुणा मागे-पुढे होतात तशा थोड्या बाजूलाही सरकतात. त्यांना खरं ते सांगा: घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वर्षभर तंतोतंत जुळत नाहीत, थोडं पुढे-मागे होतं. पहिलीच्या मुलाला एवढं पुरतं, आणि आपलं निरीक्षण बाईंनी उडवून लावलं नाही याचा त्याला फार आनंद होतो. मोजमाप, तारखा, आलेख, अंदाज, सगळं या एका पट्टीवर शिकवता येतं. ढगाळ दिवशी तुकड्याऐवजी वहीत ‘ढग’ लिहायचं. तीही नोंदच.

खिडकी सोयीची नसेल तर दुसरी कामं आहेत. प्लास्टिकच्या बाटलीत काठाच्या बरंच खाली पाणी भरा, पातळीवर खूण करा, बाहेर किंवा फ्रीजरमध्ये गोठू द्या. बर्फ खुणेच्या वर गेलेला दिसतो, कारण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काचेची बाटली वापरू नका, ती फुटते. हवा कोरडी असल्यामुळे घासलेल्या फुग्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोगही थंडीतच उत्तम होतो. ठोकळ्यांचं गाव करायला दिलंत तर ते रोज मोडायला लावू नका. एक कोपरा आखा आणि दोन-तीन आठवडे ते वाढू द्या. त्यातले रस्ते, नियम, भांडणं, तडजोडी यांत मुलं जितकी गुंततात तितकी आपण आणून दिलेल्या एखाद्या उपक्रमात क्वचितच गुंततात. घडीकाम हेही हिवाळ्याचं काम. बालवाडीची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेलने तिच्या पहिल्या काळातच कागदाच्या घड्यांना मानाचं स्थान दिलं होतं, आणि ज्यांची बोटं गारठ्याने आखडतात त्यांना त्याचा उपयोगही होतो.

आतली मधली सुट्टी वेगळी हाताळावी लागते. ती खरोखर सुट्टी हवी. त्या वेळात तुम्ही उपक्रम घेतलात तर मुलांच्या दृष्टीने तो आणखी एक तासच. फार पर्यायही नकोत, चार-पाच पुरे: ठोकळे, चित्रं, फासे-सोंगट्यांचे खेळ, एक हालचालीचा कोपरा आणि एक शांत कोपरा. प्रत्येक ठिकाणी किती जण मावतील ते ठरवून तितके कपड्यांचे चिमटे तिथे लावून ठेवा. चिमटा शिल्लक असेल तरच तिथे जायचं. भांडणाचं मुख्य कारण यानेच मिटतं. दोन खेळ दर पंधरवड्याला कपाटात बंद करून दुसरे काढा, परत आले की ते नव्यासारखे वाटतात. शांत कोपऱ्याबद्दल आग्रह धरते. एका खोलीत दिवसभर २८ जणांत राहणं काही मुलांना फार जड जातं. मैदानावर ती कुंपणाच्या कडेने एकटी फिरून येत असतात आणि सावरतात. वर्गात त्यांना कुठेच जाता येत नाही. बाकाखाली चटई, समोर एक ओढणी, एवढ्यानेही भागतं. तिथे गेलेल्याशी कुणी बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा.

आवाजाचं काय? दिवसभर ‘हळू बोला’ ऐकून मुलांच्या आत साठत जातं. शेजारच्या वर्गाशी ठरवून दिवसातली दोन-तीन मिनिटं मोठ्याने गायची ठेवा, ताल टाळ्यांनी आणि पायांनी धरा. लगेच त्यानंतर शांततेचा खेळ घ्या. हाही माँटेसरींचाच: सगळे अगदी स्तब्ध, ऐकू येईल ते ऐकायचं, आणि मग तुम्ही दारापाशी उभं राहून एकेकाचं नाव कुजबुजायचं, ज्याचं नाव येईल त्याने आवाज न करता तुमच्यापर्यंत यायचं. शिक्षा म्हणून मागितलेली शांतता आणि ही शांतता यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रांगेत उभं करायची हीच उत्तम रीत, ओरडावं लागत नाही.

पडद्याचं तुम्ही अपराधी भावनेने लिहिलंय. तशी गरज नाही, पण जागा बदला. दुपारी वर्ग हाताबाहेर गेल्यावर लावलेली गोष्ट बंद केली की दंगा दुप्पट होतो, कारण इतका वेळ शरीर गप्प होतं. पडदा वापरायचाच तर सकाळी, दहा मिनिटं, आणि त्यानंतर करायचं काम ठरलेलं असेल तेव्हा. बघून त्याबरोबर अंग हलवायच्या चित्रफिती एखाद्या दिवशी ठीक आहेत, मात्र रोज वापरल्या की मुलं निम्म्या मनाने हात हलवतात. तुम्ही स्वतः समोर उड्या मारलेल्या त्यांना कितीतरी जास्त आवडतात.

आणि कृपा करून, दंगा केला म्हणून कुणाची सुट्टी किंवा हालचालीची खेप काढून घेऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली मधल्या सुट्टीवर जे निवेदन काढलं, त्यात शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी हिरावू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. वर्गातला रोजचा अनुभवही हाच: ज्याची खेप काढली जाते, त्यालाच ती सगळ्यात जास्त हवी असते. त्याने वही पूर्ण केली नसेल तर ती नंतर बघू.

तुमच्या दिवसात हे बसवायचं तर मी असं करीन. आल्यावर कपडे-बूट जागेवर, मग भिंत ढकलणं आणि रेषेवर चालणं, मगच पहिला धडा. सकाळच्या दोन तासांत तीन छोट्या खेपा आणि एकदा खिडक्या उघडणं. बाराला उन्हाची खूण. जेवणाआधी, जमेल त्या दिवशी, दहा मिनिटं बाहेर. नाहीतर मार्गिकेत ओझ्याच्या फेऱ्या. जेवणानंतरची आतली सुट्टी वीस मिनिटं, पूर्णपणे त्यांची. त्यानंतर, जिथे तुमचा वर्ग रोज ढासळतो तिथे, लेखन ठेवूच नका. तिथे गाणं, शांततेचा खेळ आणि मग तुम्ही मोठ्याने गोष्ट वाचायची, मुलांनी हवं तसं पडून किंवा चित्र काढत ऐकायचं. धावतं श्रुतलेखन किंवा उड्यांचं गणित त्याच्या पुढच्या तासाला. बसून करायचं सगळं अवघड काम सकाळी हलवा.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त हवा, पाणी आणि ठरलेल्या वेळच्या हालचालीच्या खेपा. नवीनपणामुळे त्या आठवड्यात गोंधळ वाढल्यासारखा वाटेल, तरी सोडू नका. दुसऱ्या आठवड्यात सुट्टीचे कोपरे आणि चिमटे. तिसऱ्यात लांब चालणारं काम. मुख्याध्यापकांकडून मार्गिका वापरायची परवानगी आत्ताच मागून ठेवा, दिवसातली दोन वेळा दहा-दहा मिनिटं, आणि वेळ लिहून द्या म्हणजे शेजारच्या वर्गांना अडचण होणार नाही. अभ्यासाचा वेळ जातो असं ते म्हणाले, तर एक आठवडा आधीचा आणि एक नंतरचा अशी नोंद दाखवा: जेवणानंतरच्या तासात शिकवणं किती वाजता सुरू झालं आणि मध्ये किती वेळा थांबवावं लागलं. एवढ्या दोन रकान्यांवर बोलणी झाली की परवानगी मिळायला सोपं जातं.